तोच ससा, वेगळं शहर

सुटीच्या दिवशी सकाळी शनिवारवाडा उघडल्या उघडल्या आत गेलात तर एक मजेशीर दृश्य दिसतं. वीस-बावीस माणसं चौथऱ्याभोवती उभी राहून रिकाम्या आकाशाकडे बघत असतात. गाईडचा हात वर असतो. "इथे दिवाणखाना, त्याच्यावर आणखी मजले, आणि अगदी वर मेघडंबरी. तिथून आळंदीच्या देवळाचा कळस दिसायचा." माणसं मान डोलावतात. वर दोन घारी फिरत असतात, बाकी काही नाही. १७३२ साली वास्तुशांत झालेला हा वाडा १८२८ च्या आगीत गेला. तट, दिल्ली दरवाजा, त्यावरचा नगारखाना, जोती आणि कारंज्यांचे हौद एवढंच उरलं.

जुन्या गावातून चालत फिरवून आणण्याच्या या प्रकाराला आता सगळीकडे हेरिटेज वॉक म्हणतात. 'वारसा फेरी' हा शब्द निमंत्रणपत्रिकेपुरता. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत हा प्रकार आपल्याकडे रुजला आणि त्याबद्दल लिहिलंही पुष्कळ गेलं, पण बहुतेक कौतुकाचं. मी स्वतः पुणे, मुंबई, पणजी, अहमदाबाद, नाशिक इथल्या अशा फेऱ्या केल्या आहेत, काही दोन-तीनदा. त्यातून झालेलं माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्या शहरांत गाईडला जेवढं असलेलं दाखवावं लागतं, त्याहून जास्त नसलेलं दाखवावं लागतं. समोर देऊळ उभं असेल तर गाईड चुकला तरी आपले डोळे त्याला सावरून घेतात. समोर मोकळी जागा असेल तर त्याच्या शब्दाखेरीज आपल्याकडे काहीच नसतं. आपल्याकडच्या वॉकचं बरंवाईट त्यावर ठरतं.

हे काम आपल्याला नवं आहे असं मात्र नाही. नाशिकला पंचवटीत रामकुंड, काळाराम, सीतागुंफा हा क्रम कित्येक पिढ्या ठरलेला आहे, आणि तो दाखवणारी माणसंही. तिथले तीर्थोपाध्याय तुमचं आडनाव आणि गाव विचारतात, बाड सोडतात आणि तुमच्या पणजोबांनी अमुक साली येऊन केलेली सही समोर धरतात. माझ्या आजोबांचं मोडी वळणाचं अक्षर मी पहिल्यांदा पाहिलं ते तिथे, घरी नव्हे. गंमत अशी, की सीतेची गुंफा खरी कशावरून हे तिथे कुणी विचारत नाही, आणि विचारलं तर उत्तरही मिळत नाही. पुरावा असतो तो तुमच्या घराण्याचा. आजच्या गाईडचं नेमकं उलटं झालंय. त्याच्यापुढे उभी असलेली माणसं त्याच्या कुळाचारातली नसतात, श्रद्धेनेही आलेली नसतात, आणि हातात मोबाइल असतो.

नव्या पद्धतीच्या वॉकची सुरुवात आपल्या देशात ठळकपणे झाली ती अहमदाबादला. १९ नोव्हेंबर १९९७ रोजी तिथल्या महापालिकेने एका संस्थेला बरोबर घेऊन रोज सकाळची फेरी सुरू केली. काळूपूरच्या स्वामीनारायण मंदिरापासून निघायचं आणि पोळांमधून, म्हणजे एका दरवाजाआड वसलेल्या बोळवस्त्यांमधून, वळणं घेत जामा मशिदीपाशी संपवायचं. पुढे २०१७ साली या शहराला जागतिक वारसा शहराचा दर्जा मिळाला, देशातलं असं पहिलं शहर. त्यामागे इतरही पुष्कळ खटपट होती. पण रोज सकाळी कुणीतरी परकी माणसं आपल्या पोळीतून कौतुकाने बघत जातात, याचा तिथल्या रहिवाशांवर काही परिणाम झालाच असणार.

अहमदाबादची फेरी मला सगळ्यांत समाधानाची वाटली याचं कारण सरळ आहे. तिथे गोष्टी उभ्या आहेत. पोळीचा दरवाजा आहे आणि त्यावर राखणदाराची खोली आहे. चौकात चबुतरा आहे, आणि चबुतरा म्हणजे ओटा नव्हे, पक्ष्यांना दाणे टाकायचा नक्षीदार खांब. घराच्या पोटात पावसाचं पाणी साठवायचं टांकं आहे. कवी दलपतरामांच्या घराच्या जागी तर त्यांचा पुतळाच ओट्यावर बसवला आहे, नेहमीसारखा उंच चौथऱ्यावर नाही. शेजारी जाऊन बसता येतं. मी बसलो तेव्हा एका मांजरीने कवींची मांडी आधीच धरलेली होती. अशा ठिकाणी गाईडला फार बोलावं लागत नाही. आमचा गाईड तर एका बोळाच्या तोंडाशी "आता तुम्हीच पुढे चला, मी मागून येतो" म्हणाला, आणि आम्ही बाहेर पडलो ते भलत्याच पोळीत. पोळांना जोडणारी चोरवाट म्हणजे काय, हे त्या दोन मिनिटांत कळलं.

मराठी माणसाला तिथे आणखी एक अनुभव येतो. १७५८ पासून १८१७ पर्यंत त्या शहरावर पेशवे आणि गायकवाड यांचा वाटून कारभार होता. गायकवाडांची हवेली अजून रायखडला आहे. पुण्यातल्या वॉकमध्ये अटकेपार झेंडे ऐकून तृप्त झालेला आपला माणूस अहमदाबादला त्याच झेंड्याखालच्या करवसुलीची कथा ऐकतो. तिथे आपण पाहुणे नसतो, वसुलीला आलेले असतो. माझ्या शेजारचे ठाण्याचे एक गृहस्थ एवढं ऐकून अस्वस्थ झाले आणि गाईडला दुरुस्त करायला लागले. मला वाटतं, प्रत्येकाने आपल्या गावाबाहेरचा एक तरी वॉक एवढ्यासाठी करावा.

आता सशाकडे येतो. अहमदशहाने १४११ साली साबरमतीकाठी शहर वसवलं, कारण तिथे त्याने एक ससा कुत्र्यांच्या अंगावर धावून जाताना पाहिला. थोरल्या बाजीरावांनी शनिवारवाड्याची जागा निवडली, कारण तिथे त्यांना ससा कुत्र्याचा पाठलाग करताना दिसला. आणि तुंगभद्रेच्या काठी हरिहराने विजयनगरची जागा निवडली, त्यामागेही शिकारी कुत्र्यांवर उलटलेला ससाच होता. तीन शहरं, दोन धर्मांचे राज्यकर्ते, चारशे वर्षांचं अंतर आणि ससा एकच. तिन्ही ठिकाणचे गाईड ही गोष्ट आपल्याच गावची म्हणून सांगतात, आणि त्यात खोटेपणा नसतो. त्यांनी ती तशीच ऐकलेली असते. पण एखादा गाईड जर म्हणाला, "हीच गोष्ट हंपीलाही सांगतात, म्हणजे राजधानीची जागा शूर असते हे सांगायची ही एक पद्धत होती," तर ऐकणाऱ्याच्या पदरात एका दंतकथेच्या जागी दोन गोष्टी पडतात. असा गाईड मला आजवर एकच भेटला. इतिहासाची पदवी नव्हती त्याच्याकडे. बँकेतून निवृत्त झालेला होता.

ससा निरुपद्रवी आहे. गेंडा तसा नाही. पुण्याच्या सोमवार पेठेत नागझरीच्या जवळ त्रिशुंड गणपतीचं देऊळ आहे. १७५४ साली भीमगिरजी गोसावींनी ते बांधायला घेतलं आणि १७७० च्या सुमाराला पुरं झालं. पुण्यातली बहुतेक जुनी देवळं विटा, लाकूड आणि चुन्याची, पण हे काळ्या दगडाचं, आणि दर्शनी भिंत अशी खच्चून कोरलेली की डोळा कुठे ठेवावा कळत नाही. आत तीन सोंडांचा, मोरावर बसलेला गणपती. खाली तळघर, तिथे गोसावींची समाधी. एरवी पाणी भरलेलं असतं, गुरुपौर्णिमेला ते काढून दर्शनाला उघडतात. पण सगळा वॉक थबकतो तो दाराशेजारच्या एका शिल्पापाशी. गेंड्याला साखळदंड घालणारा शिपाई, अंगावर युरोपीय पोशाख. पुण्याच्या पेठेत, सह्याद्रीच्या पायथ्याशी, गेंडा!

याचा अर्थ ठरलेला सांगितला जातो: गेंडा म्हणजे आसाम आणि बंगाल, शिपाई म्हणजे इंग्रज, आणि मूर्तिकाराने इंग्रजांचा तो विजय कोरून पेशव्यांना सावध केलं. ऐकायला फारच छान वाटतं. अडचण तारखेची आहे. बंगालचं ठीक आहे, प्लासी १७५७ ची आणि दिवाणी १७६५ ची. आसाम इंग्रजांच्या हाती आला तो १८२६ मध्ये, देऊळ पुरं होऊन अर्धशतक उलटल्यावर. म्हणजे एकतर मूर्तिकार ज्योतिषी होता, नाहीतर आसाम हा शब्द गोष्टीत मागाहून शिरला. हे मी एका वॉकमध्ये हळूच विचारलं. गाईड, बहुतेक आर्किटेक्चरची विद्यार्थिनी, थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "सर, हे आम्हाला जे स्क्रिप्ट दिलंय त्यात आहे." तिच्या प्रामाणिकपणाला मी मनोमन पैकीच्या पैकी गुण दिले. स्क्रिप्ट देणाऱ्यांना तेवढे देता येणार नाहीत.

गाईडला गोष्टी सांगू नका असं कुणी म्हणत नाही. शनिवारवाड्यात उभं राहून नारायणरावांचा खून न सांगणं म्हणजे पंक्तीत बसवून मीठच न वाढणं. ३० ऑगस्ट १७७३ ची ती दुपार, गारदी, आणि रामशास्त्र्यांनी राघोबादादांवर ठेवलेला ठपका, हे इतिहासातलं. 'ध' चा 'मा' ही मात्र लोकांच्या तोंडची गोष्ट; आनंदीबाईंनी खाडाखोड केलेला कागद दाखवा म्हटलं तर कुणाकडे नाही. आणि अमावास्या-पौर्णिमेला ऐकू येणारी किंकाळी ही तिसरीच पायरी. या तिन्ही पायऱ्या सांगाव्यात, पण एकाच आवाजात सांगू नयेत एवढंच माझं म्हणणं. चांगला कीर्तनकार पूर्वरंग आणि आख्यान यांत पट्टी बदलतो, श्रोत्यांना ते आपोआप कळतं. आपल्याकडे ही कला आहे, वॉकपर्यंत ती अजून पोचायची आहे.

पुण्यात एवढं नाहीसं का झालं, हे वॉकमध्ये फारसं सांगत नाहीत. 'आपल्याला किंमत नाही' या एका वाक्यावर विषय मिटतो. खरी कारणं रुक्ष आहेत, पण ती सांगितल्याशिवाय पेठ कळत नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या पेठांमधले मातीचे वाडे विरघळले. जे उंचावर होते त्यांना १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने हळूहळू खाल्लं. चौकाभोवती बारा-पंधरा बिऱ्हाडं, भाडं आजोबांच्या वेळचं, मालकीत पाच-सहा चुलत घराणी. कौलं फेरायला पैसे कुणी काढायचे? मालक वाडा पडायची वाट बघतो आणि भाडेकरू तो पडू नये म्हणून टेकू लावतो. कायदा अहमदाबादलाही तोच होता, हे खरं. पण पोळीतलं घर लहान, एका कुटुंबाचं; आपला वाडा मोठा, आणि मोठं असणंच त्याच्या मुळावर आलं. शेवटी पुण्यात टिकलं ते देवाचं आणि सरकारी कचेरीचं. तुळशीबाग, बेलबाग देवांमुळे राहिली. दुसऱ्या बाजीरावांचा १८०७ चा विश्रामबागवाडा राहिला तो पाठशाळा आणि मग कचेऱ्यांच्या आश्रयाने.

आणि जे राहिलं नाही त्यात भिडेवाडा. १ जानेवारी १८४८ ला जोतीराव-सावित्रीबाई फुले यांची मुलींची शाळा जिथे सुरू झाली ती बुधवार पेठेतली जागा, दगडूशेठ गणपतीच्या समोर. वर्षानुवर्षं वॉक तिथे थांबायचे, गाईड एका मोडक्या माडीकडे बोट दाखवायचा आणि खाली दुकानदार "बाजूला व्हा, गिऱ्हाईक येऊ द्या" म्हणायचा. डिसेंबर २०२३ मध्ये तो वाडा स्मारकासाठी पाडला. आता तिथेही गाईडला हवेत बोट दाखवावं लागतं.

फेरी कुठून न्यायची, यातही बरंच काही ठरतं. शनिवारवाडा, लाल महाल, कसबा गणपती, नाना वाडा, तुळशीबाग, मंडई, विश्रामबाग हा पुण्याचा ठरलेला मार्ग. दोन-अडीच तासांत बसतो, चहा-पोह्याची सोय मध्येच येते. गंजपेठेतला फुले वाडा त्यात नसतो, 'तो जरा लांब पडतो'. जेमतेम दोन किलोमीटर. मार्गाला बांधणारा धागा पाण्याचा घेतला असता तर तो आपोआप आत आला असता. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ च्या सुमाराला कात्रजला तलाव बांधून जमिनीखालून पाणी गावात आणायला सुरुवात केली. वाटेत हवा खेळावी म्हणून ठेवलेल्या मनोऱ्यांना उच्छ्वास म्हणतात. ते पाणी काळ्या हौदात, बदामी हौदात, फडके हौदात पडायचं. गावाच्या हौदावर कुणी पाणी भरायचं आणि कुणी नाही, हे ठरलेलं होतं. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, तो का, हे कात्रजच्या नळापासून चालत गेलं की एका रेषेत कळतं. एवढा मोठा धागा पायांखाली पुरलेला असताना आपण माणसांना तिसऱ्यांदा नगारखाना दाखवतो.

मुंबईबद्दल थोडक्यात. तिथल्या वॉकना नावांचा आधार आहे. चर्चगेटला गेट नाही, फोर्टला किल्ला नाही. तट १८६० च्या दशकात पाडला गेला, आणि सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या मागे त्याचा एक तुकडा उरलाय. पण मुंबईत पाडलेल्याच्या जागी जे बांधलं तेही आता वारसा झालं, २०१८ पासून जागतिक यादीत आहे, त्यामुळे गाईडला दाखवायला भरपूर असतं. सकाळी मोकळे फुटपाथ, रुंद कमानी, सावली. गिरगावात खोताच्या वाडीत शिरलं की हे सुख संपतं, कारण तिथे माणसं राहतात.

हा राहणाऱ्यांचा प्रश्न सगळ्यांत जास्त चिघळलाय पणजीत. १८४३ मध्ये राजधानी पणजीला आली आणि अल्तिनो टेकडीच्या पायथ्याशी फोंताइन्हासची वस्ती वाढली. पांढरा रंग चर्चला, घरांना पिवळा, निळा, गेरू; पावसाळा संपला की रंग काढायचा हा जुना रिवाज. घरं थेट रस्त्यावर, खिडकी उघडली की आतलं ताट दिसतं. आता तिथे वॉकवाले कमी आणि लग्नाआधीचे फोटो काढणारे जास्त, आणि रहिवाशांना दोघांतला फरक करायचं कारण नाही. दारादारांवर फोटो काढू नका अशा पाट्या लागल्या आहेत. मी गेलो तेव्हा एक वयस्क बाई ओट्यावर खुर्ची टाकून वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर धरून बसल्या होत्या. पान बराच वेळ उलटलं गेलं नाही.

युरोपात यावर नियम आलेत. व्हेनिसने २०२४ पासून गाईडच्या टोळीत पंचवीसपेक्षा जास्त माणसं नकोत आणि लाउडस्पीकर नको असं ठरवलं; अ‍ॅम्स्टरडॅमने तर २०२० मध्येच एका वस्तीतून फेऱ्या बंद केल्या आणि इतरत्र पंधरा माणसांची मर्यादा घातली. आपल्याकडे अजून नियम नाही, सवयही नाही. कमरेला छोटा स्पीकर बांधून चाळीस माणसं घेऊन बोळात शिरलेला गाईड मी कसब्यात पाहिलाय, वरच्या गॅलरीतून एक काकू ओरडल्या, "अहो, आमच्याकडे आजारी माणूस आहे!" आणि तो म्हणाला, "दोनच मिनिटं, ताई." दहा झाली. त्या फेरीचे पैसे मीही भरले होते, तेव्हा बोलायचा मला काय अधिकार. पंधरा माणसं, उघडा आवाज आणि बायकांना जाता येईल असं एक तरी स्वच्छतागृह वाटेत, एवढं जमलं तरी खूप. हे शेवटचं ठरवणारे आयोजक मी हातावर मोजण्याइतके पाहिले.

कसब्यातच तांबट आळी आहे, आणि पुण्यात जे खरोखर 'आहे' त्यातलं ते मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. बोळाच्या तोंडाशीच ठोक्यांचा आवाज सुरू होतो. आत एक कारागीर मांडी ठोकून बसलेला, पायाने घंगाळ फिरवतो आणि एकेक ठोका मारतो. ठोक्याशेजारी ठोका, ओळीला ओळ. याला मठारणं म्हणतात. प्रत्येक ठोक्याने पत्रा थोडा घट्ट होतो, म्हणून मठारलेलं भांडं पातळ असूनही चेपत नाही, आणि उजेड त्या हजारो खळग्यांवर फुटतो. मी अर्धा तास उभा होतो; एक ओळ चुकलेली दिसली नाही. आमच्या टोळीतल्या एकाने विचारलं, "हे मशीनवर होत नाही का?" कारागिराने ठोका न थांबवता म्हटलं, "होतं की. मग ते बघायला तुम्ही याल का?" पूर्वी बंब आणि हंडे बनायचे, आता हॉटेलांच्या दिव्यांच्या छत्र्या बनतात. त्याच्यापुढे गाईड गप्प उभा होता, आणि त्याने ते बरोबर केलं.

तिथून बाहेर पडून आम्ही शेवटच्या थांब्यावर आलो, एका सरदाराच्या वाड्याची जागा. सात मजली इमारत, खाली झेरॉक्स आणि पार्किंग. गाईड उजवीकडे हात करून दिंडी दरवाजा, चौक, हौद असं एकेक उभं करत होता, तेवढ्यात स्कूटरवरून चाललेले एक आजोबा थांबले. इंजिन बंद न करता पाचेक मिनिटं ऐकलं आणि मग म्हणाले, "अहो, इकडे नाही काही, त्या बाजूला होता. मी त्या हौदात पडलोय लहानपणी." गाईडने क्षणभर त्यांच्याकडे बघितलं आणि विचारलं, "काका, पाच मिनिटं थांबता का?" त्यांनी स्कूटर स्टँडला लावली. आम्ही सगळे वळून दुसऱ्या बाजूच्या पार्किंगकडे बघू लागलो.